हार्टफर्डवरचा खलाशी जॉन लॉसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की मराठीत लिंकन येतो, गुलामगिरी येते, गेटिसबर्गची लढाई येते. आरमार सहसा येत नाही. आणि आरमार आलंच, तर ॲडमिरल येतो. जहाजाच्या पोटात उभं राहून दोर ओढणाऱ्या खलाश्याचं नाव कुणी घेत नाही. जॉन लॉसन हा असाच एक खलाशी. त्याची गोष्ट सांगायला लागलं की लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथं उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरं बरीच लांबली आहेत. ती आखडती घेऊन चालली नसती.

जॉन लॉसन कोण होता?

पेनसिल्व्हेनिया राज्यात १६ जून १८३७ रोजी जन्मलेला एक कृष्णवर्णीय माणूस. युद्ध सुरू झालं एप्रिल १८६१ मध्ये. लॉसन उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या बाजूच्या, आरमारात दाखल झाला डिसेंबर १८६३ मध्ये. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. हुद्दा मिळाला लँड्समन. समुद्राचा अनुभव नसलेल्या नवख्या माणसाला हा हुद्दा देत. नेमणूक झाली हार्टफर्ड या जहाजावर. रिअर ॲडमिरल डेव्हिड फॅरागट यांचं निशाण याच जहाजावर फडकत असे, म्हणजे सगळ्या ताफ्याला हुकूम इथून सुटत. ५ ऑगस्ट १८६४ रोजी अलाबामा राज्यातल्या मोबील उपसागरात जी लढाई झाली, तिच्यातल्या कामगिरीसाठी लॉसनला मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक देण्यात आलं.

मोबाइल की मोबील?

मोबील. लिहिताना इंग्रजीत ते आपल्या खिशातल्या मोबाइलसारखंच दिसतं, म्हणून घोटाळा होतो. हे गाव फ्रेंचांनी वसवलं आणि त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या जमातीवरून त्याला नाव पडलं. उच्चार फ्रेंच वळणाचाच राहिला आहे.

त्या दिवशी लॉसननं नेमकं काय केलं?

हार्टफर्डच्या बर्थ डेकवर, म्हणजे खलाशी रात्री झोळ्या टांगून झोपत त्या मजल्यावर, सहा जण एका कामावर होते. जहाजाच्या तळातल्या कोठारातून तोफगोळे दोरानं वर ओढायचे आणि वरच्या तोफांकडे धाडायचे. लॉसन त्या सहांतला एक. लढाई ऐन रंगात असताना शत्रूचा एक गोळा जहाजाची कूस फोडून आत आला आणि तिथंच फुटला. कप्तान पर्सिव्हल ड्रेटन यांच्या अहवालाप्रमाणे त्या सहांपैकी कुणीही धड राहिलं नाही; काही मेले, उरलेले जखमी झाले. लॉसनच्या पायाला जखम झाली आणि स्फोटाच्या धक्क्यानं तो उडून जहाजाच्या भिंतीवर आदळला.

भानावर आल्यावर त्याला सगळ्यांनी सांगितलं, खाली शल्यवैद्याकडे जा. तो गेला नाही. परत दोरापाशी येऊन उभा राहिला आणि लढाई संपेपर्यंत गोळे वर ओढत राहिला.

सगळी हकीकत एवढीच आहे. अहवालात ती चार ओळींत आटोपली आहे. मी त्या ओळी कितीदा वाचल्या असतील, पण दर वेळी थांबतो ते एकाच जागी: त्याला खाली जायला सांगितलं होतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी हुकूम सोडला नव्हता, जखमी माणूस खाली गेला म्हणून कुणी भित्रा म्हटलं नसतं. सुटकेची वाट उघडी होती, आणि त्या वाटेकडे पाठ फिरवून तो कामावर परतला.

दोर ओढणं हे शौर्य कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही, कारण लढाईची आपल्या मनातली चित्रं वेगळी असतात: हातात निशाण, उपसलेली तलवार, तोफेला बत्ती देणारा गोलंदाज. म्हणून आधी ते काम समजून घेऊ.

लाकडी युद्धनौकेवर दारूकोठार आणि गोळ्यांची कोठी शक्य तितकी खाली, पाण्याच्या पातळीखाली ठेवत. कारण उघड आहे. तिथं ठिणगी पडली तर जहाजच उडायचं. तोफा मात्र वर. म्हणजे दर गोळा आणि दारूची दर थैली तळातून वर पोचवावी लागे. दारूच्या थैल्या घेऊन पोरंसोरं धावत. स्फोटक गोळे जड, ते कप्पीतून ओवलेल्या एका दोरानं चौकोनी झडपेतून वर ओढून घेत. या दोर-कप्पीला आरमारी बोलीत ‘शेल व्हिप’ म्हणत. या कामावरची माणसं पावडर डिव्हिजनमध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या तुकडीत मोडत. ही साखळी जिथं तुटेल, तिथून पुढं तोफा मुक्या. वरचा गोलंदाज कितीही कसबी असला तरी त्याच्या हाती गोळा पोचला नाही तर तो करणार काय?

आता त्या जागेचा विचार करा. छत डोक्याला लागेल इतकं खाली. उजेड कंदिलाचा. तोफा आपल्याच डोक्यावर धडाडत आहेत, त्यामुळं कानठळ्या बसलेल्या. बाहेर काय चाललं आहे, आपण जिंकतो आहोत की बुडतो आहोत, हे दिसायला मार्ग नाही. वरचा माणूस निदान समोरून धूर उठलेला बघतो, अंग चोरतो, प्रतिहल्ला करतो. खालच्याला काहीच करता येत नाही. त्यात लाकडी जहाजावर गोळ्यापेक्षाही घात करतात त्या लाकडाच्या ढलप्या. गोळा कुशीत घुसला की ओकच्या फळ्यांचे भाल्यासारखे तुकडे होतात आणि चहूकडे उडतात.

या जागी एकदा गोळा फुटलेला आहे. शेजारचे मित्र पडलेले आहेत. पायातून रक्त वाहतं आहे. दुसरा गोळा त्याच भिंतीतून येणार नाही याची हमी नाही. आणि काम काय, तर तोच दोर, तीच कप्पी, पुन्हा एक गोळा, पुन्हा एक. आवेशाच्या भरात माणूस एखादी झेप घेऊन जातो. इथं झेप नव्हती, तासन्‌तास तेच काम होतं. माझ्या मते हे शौर्य अधिक अवघड आहे.

ही लढाई कशासाठी झाली?

दक्षिणेच्या राज्यांनी फुटून वेगळं राष्ट्र जाहीर केलं, तेव्हा उत्तरेनं त्यांच्या साऱ्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेकडे कापूस उदंड होता, कारखाने थोडे. कापूस बाहेर विकायचा आणि त्या पैशांतून बंदुका, औषधं, कापड आणायचं, यावर त्यांची भिस्त होती. न्यू ऑर्लीन्स उत्तरेनं १८६२ मध्येच घेतलं; घेणारे फॅरागटच. त्यानंतर मेक्सिकोच्या आखातावरचं मोबील हे दक्षिणेचं मोठं बंदर उरलं. रात्रीच्या अंधारात नाकेबंदी चुकवून पळणाऱ्या वेगवान जहाजांना तिथं आसरा मिळे. ते तोंड बंद करायचं होतं.

उपसागराच्या तोंडाशी पूर्वेला मॉर्गन किल्ला, पश्चिमेला डॉफिन बेटावर गेन्स किल्ला. मधल्या पाण्यात पाणसुरुंग पेरलेले. जहाजांना जायला मोकळी वाट ठेवली होती ती नेमकी मॉर्गन किल्ल्याच्या तोफांच्या तोंडाशी. आत दक्षिणेचं चिलखती जहाज टेनेसी आणि तीन लहान तोफनौका दबा धरून होत्या. त्यांचे ॲडमिरल फ्रँकलिन ब्युकॅनन.

फॅरागटकडे १४ लाकडी जहाजं आणि ४ मॉनिटर, म्हणजे लोखंडी चिलखताची बसकी जहाजं. लाकडी जहाजं त्यांनी जोडीजोडीनं बांधली: मोठं जहाज किल्ल्याच्या बाजूला, लहान त्याच्या आडोशाला. मोठ्याचं यंत्र गोळ्यानं निकामी झालंच तर लहानग्यानं ओढून न्यावं, हा हिशेब. हार्टफर्डच्या पलीकडच्या अंगाला मेटाकॉमेट हे जहाज बांधलेलं होतं.

‘टॉर्पेडोंची पर्वा नको’ म्हणणारे ॲडमिरल ते हेच का?

हेच. मात्र त्या काळी टॉर्पेडो म्हणजे आजच्यासारखं पाण्यातून सुळकन जाणारं अस्त्र नव्हे. एका जागी सोडलेला पाणसुरुंग. मॉनिटर टेकम्सी अशाच एका सुरुंगावर गेलं आणि दोन-चार मिनिटांत तळाला. त्याच्यावरची ९० हून अधिक माणसं त्याच्याबरोबर बुडाली, कमांडर ट्युनिस क्रेव्हन धरून. हे समोर घडताना बघून आघाडीचं ब्रुकलिन जहाज थबकलं आणि मागचा सगळा ताफा किल्ल्याच्या तोफांखाली गोळा होऊ लागला. तेव्हा फॅरागटनी हार्टफर्ड बाजूनं काढून थेट सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढं घातलं. त्यांच्या तोंडचे म्हणून जे शब्द प्रसिद्ध आहेत ते नेमके तसेच उच्चारले गेले का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. जहाज त्या पट्ट्यातून गेलं, याबद्दल मात्र दुमत नाही. सुरुंगांच्या चापा तळाशी खटखटलेल्या ऐकू आल्या, असं जहाजावरच्या माणसांनी नंतर सांगितलं. दीर्घकाळ पाण्यात राहून ते सुरुंग निकामी झाले होते.

फॅरागट तेव्हा धुरावरून नजर जावी म्हणून डोलकाठीच्या दोरखंडांवर चढले होते आणि पडू नयेत म्हणून त्यांना दोरानं बांधलं होतं. हे चित्र अमेरिकेत घरोघर पोचलं. त्याच वेळी त्याच जहाजात खाली दुसरा एक दोर ओढला जात होता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

किल्ला ओलांडल्यावर टेनेसी एकटं साऱ्या ताफ्यावर चालून आलं. उत्तरेच्या जहाजांनी त्याला धडका दिल्या, त्या गर्दीत लॅकवाना हे आपल्याच पक्षाचं जहाज हार्टफर्डवर आदळलं. सकाळी दहाच्या सुमारास, सुकाणूच्या साखळ्या तुटल्यावर आणि ब्युकॅनन यांचा पाय मोडल्यावर, टेनेसीनं शरणागती पत्करली. हार्टफर्डवर २५ माणसं मेली, २८ जखमी झाली. गेन्स किल्ला ८ ऑगस्टला पडला, मॉर्गन २३ ऑगस्टला. मोबील शहर मात्र थेट एप्रिल १८६५ मध्ये हाती आलं.

मेडल ऑफ ऑनर म्हणजे आपल्या परमवीर चक्रासारखं का?

आज, हो. अमेरिकेचं ते सर्वोच्च शौर्यपदक आहे. पण १८६४ मध्ये चित्र निराळं होतं. आरमारासाठी हे पदक निर्माण करणाऱ्या कायद्यावर लिंकन यांनी २१ डिसेंबर १८६१ रोजी सही केली. भूदलाचं पदक त्यानंतर, जुलै १८६२ मध्ये आलं. त्या काळी अमेरिकेत दुसरं शौर्यपदकच नव्हतं. त्यामुळं लहानमोठ्या सगळ्या कामगिऱ्यांसाठी हेच दिलं जाई, आणि निकषही आजच्याइतके कडक नव्हते. पुढं १९१७ मध्ये भूदलाच्या जुन्या पदकांची छाननी होऊन ९११ नावं वगळली गेली. ती छाननी भूदलापुरती होती. लॉसनच्या नावाला त्यामुळं धक्का लागण्याचा प्रश्न नव्हता, आणि त्याची कामगिरी वाचली तर आजच्या निकषांनीही कुणी त्याच्या पदकाकडे बोट दाखवू नये.

मला या पदकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. आरमाराचं पदक सुरुवातीला अधिकाऱ्यांसाठी नव्हतंच. कायद्यात ते खलाशी, लँड्समन, कनिष्ठ हुद्देदार आणि मरीन सैनिक यांच्यासाठी होतं. आरमारी अधिकाऱ्यांना ते मिळू लागलं १९१५ पासून. म्हणजे मोबीलच्या लढाईत ज्या माणसानं ताफा सुरुंगांतून नेला त्या फॅरागटना हे पदक मिळूच शकत नव्हतं, आणि त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर दोर ओढणाऱ्या लॉसनला मिळालं. फॅरागटना बढत्या मिळाल्या. व्हाइस ॲडमिरल आणि नंतर ॲडमिरल हे हुद्दे अमेरिकेनं त्यांच्यासाठी नव्यानं निर्माण केले.

पदक कसं दिसतं?

काशाचा पाच टोकांचा तारा, एक टोक खाली. मधोमध मिनर्व्हा देवी ढाल पुढं करून एका पुरुषाला मागं रेटते आहे. त्याच्या हातांत साप आहेत, तो फुटीचं आणि कलहाचं प्रतीक. भोवती ३४ तारे, तेव्हाच्या ३४ राज्यांचे, फुटून निघालेलीही धरून. तारा टांगलेला असतो नांगराला, त्यावरून ते आरमाराचं हे ओळखू येतं. ही पदकं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडली जात.

लॉसनला ते कधी मिळालं?

३१ डिसेंबर १८६४ रोजी निघालेल्या आरमार खात्याच्या ४५ क्रमांकाच्या सर्वसाधारण आदेशात त्याचं नाव आहे. मोबीलच्या लढाईतल्या इतरही कितीतरी खलाश्यांची नावं त्याच आदेशात आली.

कृष्णवर्णीयांना तेव्हा आरमारात घेत होते?

घेत होते, आणि भूदलाच्या आधीपासून. युद्धकाळात सुमारे १८,००० कृष्णवर्णीय पुरुषांनी उत्तरेच्या आरमारात काम केलं. भूदलानं कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणी उभारल्या आणि त्यांच्यावर गोरे अधिकारी नेमले. जहाजावर असं वेगळं काढणं जमण्यासारखंच नव्हतं. एकाच डेकवर, एकाच तोफेवर सगळे मिळून काम करत.

पगाराचा फरक तर डोळे उघडणारा आहे. आरमारात लँड्समनला महिना १२ डॉलर मिळत, मग कातडीचा रंग कोणताही असो. भूदलात जून १८६४ पर्यंत गोऱ्या शिपायाला १३ डॉलर आणि कृष्णवर्णीय शिपायाला १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे म्हणून ३ कापून हातात ७. आरमार समतेचं माहेरघर होतं असा याचा अर्थ नाही. गुलामीतून पळून आलेल्यांना आरमारानं १८६१ च्या सप्टेंबरात घ्यायला सुरुवात केली, पण ‘बॉय’ या सर्वांत खालच्या हुद्द्यावरच. मिशीदाढी असलेली, बायकामुलं असलेली माणसं कागदोपत्री पोरं! बढतीच्या वाटा पुढंही अरुंदच राहिल्या, आणि स्वयंपाकी, वाढपी, दारूगोळा वाहणारे यांच्यात कृष्णवर्णीयांचा भरणा जास्त असे. शेल व्हिपवर लॉसन आणि त्याच्यासारखे दिसतात ते योगायोगानं नव्हे.

लॉसन गुलाम होता का?

लॉसन पेनसिल्व्हेनियाचा, आणि त्या राज्यानं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं मोडणारा कायदा १७८० मध्येच केला होता. त्याच्या शेजारी त्याच दोरावर असलेल्या विल्सन ब्राउनचं आयुष्य मात्र वेगळं. ब्राउन मिसिसिपीतल्या नॅचेझचा, गुलामीतून निसटून हार्टफर्डवर आलेला. त्या दिवशी त्याच्या वरच्या शिडीवरचा माणूस गोळ्यानं मरून त्याच्या अंगावर कोसळला आणि ब्राउन खालच्या कोठीत जाऊन बेशुद्ध पडला. शुद्ध आल्यावर तोही उठून दोरापाशी परतला. त्यालाही पदक मिळालं.

उत्तरेतला माणूस आणि दक्षिणेतून सुटलेला गुलाम, दोघं एकाच दोरावर, दोघंही पडून उठलेले. मला हे दोघं वेगळे काढून सांगता येत नाहीत.

आणखी कुणाला मिळालं?

त्याच लढाईत ब्रुकलिन जहाजावर विल्यम ब्राउन आणि जेम्स मिफ्लिन या दोन कृष्णवर्णीय खलाश्यांना. तिथली दोर-कप्पीची जागा गोळ्यांनी दोनदा साफ झाली होती, आणि हे दोघं जागचे हलले नाहीत. मिफ्लिनचा हुद्दा होता इंजिनियरांचा स्वयंपाकी.

पदक हाती आलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणून नाव घेतलं जातं रॉबर्ट ब्लेकचं. तो साउथ कॅरोलायनातल्या गुलामीतून पळालेला, मार्बलहेड जहाजावर कप्तानाचा वाढपी. १८६३ च्या नाताळच्या दिवशी स्टोनो नदीत जहाजावर अचानक तोफा डागल्या गेल्या, आणि दारू वाहणारा पोरगा मरून पडला तेव्हा ब्लेकनं त्याची जागा घेतली. त्याचा आदेश एप्रिल १८६४ चा. भूदलाच्या विल्यम कार्नीची कामगिरी त्याही आधीची, जुलै १८६३ ची. पण त्याच्या हातात पदक पडलं १९०० साली.

जोआकिम पीज हे आणखी एक नाव. कियरसार्ज जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या तोफेत गोळे भरण्याचं काम त्याच्याकडे होतं. १९ जून १८६४ रोजी फ्रान्सच्या शेरबुर्गजवळ याच जहाजानं दक्षिणेचं कुप्रसिद्ध अलाबामा बुडवलं. हे अलाबामा त्या वर्षाच्या जानेवारीत आपल्या मलबार किनाऱ्यावर येऊन गेलं होतं. मुंबईहून निघालेलं एमा जेन हे अमेरिकन जहाज त्यानं तिथं जाळलं आणि त्याची माणसं केरळातल्या अंजेंगोला उतरवली.

कप्तान ड्रेटन यांच्याबद्दल सांगाल का?

ज्यांच्या शिफारशीमुळं लॉसनचं नाव आपल्यापर्यंत आलं ते पर्सिव्हल ड्रेटन मूळ साउथ कॅरोलायनाचे, म्हणजे बंडाची पहिली ठिणगी जिथं पडली त्या राज्याचे. ते उत्तरेशी एकनिष्ठ राहिले. त्यांचे भाऊ थॉमस दक्षिणेचे जनरल. नोव्हेंबर १८६१ मध्ये पोर्ट रॉयलच्या लढाईत थॉमस किनाऱ्यावरच्या फौजेचे प्रमुख होते आणि पर्सिव्हल समोरच्या पाण्यात जहाजावरून त्यांच्यावर तोफा डागत होते. ‘यादवी’ हा आपला शब्द या युद्धाला किती चपखल बसतो, ते या दोन भावांवरून कळतं. फॅरागटही दक्षिणेतलेच, टेनेसी राज्यात जन्मलेले. आणि त्यांच्यावर चालून आलेल्या जहाजाचं नाव टेनेसी.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

थेट लॉसनशी नाही. पण तो ज्या नाकेबंदीसाठी दोर ओढत होता, तिचा हिसका मुंबईपासून वऱ्हाडापर्यंत बसला.

अमेरिकेचा कापूस अडकला तशा लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि व्यापाऱ्यांची नजर इकडं वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, अशा आठवणी सांगितल्या जातात. मुंबईत पैशाचा पूर आला; बँका, कंपन्या, बॅकबेचा समुद्र हटवण्याच्या योजना, आणि त्यांच्या शेअरांचा सट्टा. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्याच्या मध्यभागी. त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे जनरल ली शरण आले. बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे हिशेब पुरे करायचे होते, त्या दिवशी भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. शेटसावकार बुडाले ते इतिहासात आले. तेजीच्या काळात पत वाढली म्हणून कर्ज काढून बसलेला आणि मंदीत सावकाराच्या कचाट्यात सापडलेला शेतकरीही होता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, सुप्यापासून ज्यांची सुरुवात झाली, त्यांच्या कारणांमध्ये हे कापसाचे चढउतारही मोजले जातात.

दुसरा धागा मला जास्त जवळचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याचा गौरव म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना तोच कित्ता गिरवावा या आशेनं. मोबीलची लढाई होऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. जोतीरावांनी ज्या त्यागाला हात जोडले, त्यात विल्सन ब्राउन आणि जॉन लॉसन यांचाही वाटा होता.

त्याच्या गौरवपत्रात चूक आहे असं म्हणतात, ते काय?

हा प्रश्न क्वचित येतो, पण मला तो आवडतो. आज सगळीकडे जे इंग्रजी गौरवपत्र छापलं जातं, त्यात ‘शेल व्हिप’ या दोन शब्दांचा घात झाला आहे. नामाचं क्रियापद होऊन बसलं, आणि वाक्याचा अर्थ असा निघतो की गोळा डेकवर चाबकासारखा सपकन फिरला आणि सहा माणसं पडली. मूळ अहवालात सहा माणसं शेल व्हिपवर नेमलेली होती, एवढंच आहे. दोर-कप्पीचं ते काम इतकं विस्मरणात गेलं की नंतरच्या लिहिणाऱ्याला तो शब्दच ओळखू आला नाही. विल्सन ब्राउनच्या गौरवपत्रात तो जागेवर शाबूत आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की घोटाळा उलगडतो. मराठीत लॉसनविषयी लिहिणाऱ्यांनी कृपा करून चाबूक आणू नये. तिथं दोर होता.

युद्धानंतर लॉसनचं काय झालं?

तो पुन्हा सामान्य आयुष्यात परतला आणि फिलाडेल्फियात राहिला. ३ मे १९१९ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी तो वारला. न्यू जर्सीतल्या लॉनसाइड इथं माउंट पीस दफनभूमीत त्याला पुरलं. लॉनसाइड हे कृष्णवर्णीयांनी वसवलेलं आणि पुढं स्वतःच कारभार चालवलेलं गाव. विल्सन ब्राउन १९०० मध्ये गेला. तो नॅचेझच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहे, ज्या गावातून पळाला होता त्याच गावात, पण युद्ध लढलेल्या सैनिकांच्या रांगेत.

यातलं आज काय बघायला मिळतं?

हार्टफर्ड नाही. ते १९५६ च्या नोव्हेंबरात नॉरफोकच्या गोदीत जागच्या जागी बुडालं आणि नंतर मोडीत काढलं. त्याचा एक भलामोठा नांगर गेन्स किल्ल्यात ठेवला आहे. वॉशिंग्टनच्या फॅरागट चौकातला ॲडमिरलचा पुतळा याच जहाजाच्या पंख्याचा धातू वितळवून ओतलेला आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या कुणाला अलाबामाच्या किनाऱ्यावर जायचा योग आला, तर दोन्ही किल्ले बघता येतात, आणि डॉफिन बेट ते मॉर्गन किल्ला अशी गाड्या वाहून नेणारी फेरीबोटही आहे. साधारण पाऊण तासाचा प्रवास. बोट चालते ती उपसागराच्या तोंडातून, ज्या पाण्यातून ताफा आत शिरला त्याच पाण्यातून. मॉर्गन किल्ल्याजवळ तळाशी टेकम्सी अजून तसंच उलथं पडून आहे, आतल्या माणसांसह.